आंतोनिया, ते फळ घेऊन ये

गोव्यातल्या एका घरात दोन वैद्य बोलत बसले आहेत. रुआनो नुकताच जहाजातून उतरलाय. सालामांका आणि अल्काला या स्पेनमधल्या विद्यापीठांत शिकलेला, ग्रीक आणि अरब आचार्यांचे ग्रंथ मुखोद्गत असलेला. दुसरा घरचा यजमान. तोही त्याच विद्यापीठांत शिकला, पण आता गोव्यात राहून त्याला जवळजवळ तीस वर्षं होत आली आहेत. रुआनो एखाद्या औषधाचं नाव काढतो आणि त्याबद्दल दियोस्कोरिदिस काय म्हणाला, गॅलन काय म्हणाला, इब्न सिना काय म्हणाला ते सांगतो. यजमान ऐकून घेतो. मग घरातल्या दासीला, आंतोनियाला, हाक मारतो. ती जाऊन फांदी, फळ, मूळ, जे काही असेल ते आणून समोर ठेवते, आणि हजार-दीड हजार वर्षांचं पांडित्य त्या ओल्या पानांसमोर अडखळायला लागतं.

यजमानाचं नाव गार्सिया द ओर्ता. ‘हिंदुस्थानातल्या वनस्पती आणि औषधी द्रव्यांविषयीचे संवाद’ असं काहीसं नाव असलेलं त्याचं पोर्तुगीज पुस्तक १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झालं. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षं झाली होती. रुआनो हे पात्र ओर्तानं रचलं. खरं तर तोही ओर्ताच आहे, सालामांकाहून निघालेला आणि अजून काहीच न पाहिलेला तरुण ओर्ता. एक माणूस आपल्याच जुन्या शिक्षणाला समोर बसवून त्याच्याशी वाद घालतोय, आणि म्हणूनच हे पुस्तक मला इतकं जवळचं वाटतं.

त्या जुन्या शिक्षणाला सरसकट अडाणीपणा म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. मध्ययुगीन युरोपनं ग्रीकांकडून आणि अरबांकडून घेतलेलं वैद्यक ही एक भरीव, आतून घट्ट विणलेली रचना होती. शरीरात चार रस: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. प्रत्येकाचे दोन गुण. रक्त उष्ण आणि ओलं, कफ थंड आणि ओला, पिवळं पित्त उष्ण आणि कोरडं, काळं पित्त थंड आणि कोरडं. ऋतू चार, वयाचे टप्पे चार, महाभूतं चार, आणि सगळ्यांची एकमेकांशी सांगड. औषधाचा उष्णपणा-थंडपणा चार अंशांत मोजायचा: अमुक मूळ दुसऱ्या अंशात उष्ण, तमुक बी तिसऱ्या अंशात कोरडं. मेष राशीची सत्ता डोक्यावर, मीनेची पावलांवर, मग चंद्र कोणत्या राशीत आहे हे पाहून त्या अवयवाचं रक्त काढायचं की नाही ते ठरवायचं. वात-पित्त-कफ ऐकत वाढलेल्या आपल्याला हे फार परकं वाटायला नको. आजारी माणसाला ‘तुला असं का होतंय’ याचं उत्तर त्यात मिळत होतं. अख्खं विश्व आपल्या दुखण्यात भागीदार आहे ही जाणीव किती मोठा आधार देत असेल!

अडचण दुसरीकडे होती. औषधाच्या पेटीत जे यायचं त्यातलं बरंचसं हिंदी महासागराच्या काठावर उगवायचं, आणि युरोपातल्या कुठल्याही आचार्यानं ते उगवताना पाहिलेलं नव्हतं. मिरी, दालचिनी, आलं, कापूर, हिंग, कोष्ठ ही द्रव्यं मलबारहून होर्मुझला किंवा तांबड्या समुद्रातून इजिप्तला, तिथून व्हेनिसला, आणि व्हेनिसहून कुठल्यातरी गावच्या औषधविक्याच्या बरणीत पोचेपर्यंत किती हातांतून गेली असतील! बरणीत पोचायची ती वाळकी साल, आणि सालीवरून झाड कसं ओळखायचं? मग रिकाम्या जागी गोष्टी वाढल्या. सेव्हिलचा बिशप इसिडोर सातव्या शतकात लिहून गेला की मिरीच्या रानांवर सापांचा पहारा असतो, तिथले लोक आग लावून साप पळवतात आणि त्या आगीत मिरी काळी पडते. दालचिनीच्या काड्या मोठे पक्षी घरट्यांसाठी आणतात, ही कथा तर हेरोडोटसपासूनची. ज्याला कोकणात उन्हात पसरलेली मिरी रोज दिसते त्याला हे वाचून हसू येईल. पण ती मिरी ज्यानं कधीच पाहिली नाही, त्याला सापांची गोष्ट तरी का खोटी वाटावी?

ओर्ताचा जन्म १५०१च्या सुमारास पोर्तुगालमधल्या काश्तेलु द व्हीद या सरहद्दीवरच्या गावात झाला. आईवडील स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेननं ज्यूंना हाकललं तेव्हा ते पोर्तुगालमध्ये आले, आणि पाचच वर्षांत तिथंही सक्तीनं ख्रिस्ती व्हावं लागलं. अशा कुटुंबांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत आणि पिढ्यान्पिढ्या त्यांच्याकडे संशयानं पाहत. ओर्तानं लिस्बनच्या विद्यापीठात काही वर्षं शिकवलं आणि मार्च १५३४ मध्ये मार्तिं आफोंसो द सोझा या सरदाराचा वैद्य म्हणून तो जहाजात चढला. सप्टेंबरात गोव्याला पोचला तो कायमचाच. दोन वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मापासून ढळणाऱ्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं. वेळ पाहूनच तो निघाला असावा, असं मला वाटतं.

इथं त्यानं वैद्यकी केली, व्यापार केला, दीवपासून मलबारपर्यंत सोझाबरोबर हिंडला. पुढे मुंबई बेट त्याला खंडानं मिळालं. आज टाउन हॉलमागे जिथं नौदलाचं ठाणं आहे त्या परिसरात त्याच्या काळचा वाडा होता, आणि बेटावरचं आपलं एक आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळतं असं तो कौतुकानं सांगतो. आंब्याच्या प्रकरणात तर बोलणं चालू असतानाच मुंबईच्या जमिनीवरचा त्याचा कुळ आंबे घेऊन हजर होतो.

त्याच्या घडणीत अहमदनगरचा वाटा मोठा आहे, आणि आपल्याकडे त्याबद्दल फार कमी बोललं जातं. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी तो उपचारासाठी जात असे आणि शहाशी त्याची खरी मैत्री जमली. त्या दरबारात अरबी-फारसी परंपरेतले हकीम होते. ओर्तानं युरोपात इब्न सिना वाचला होता तो लॅटिन भाषांतरातून, नकलाकारांच्या चुकांसकट. इथं त्याच ग्रंथाची मूळ परंपरा जगणारे लोक त्याच्यासमोर बसले होते. शहा त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवी, तो शहाला लॅटिन नावं शिकवी. सोळाव्या शतकाच्या मध्यावर, नगरच्या कोरड्या माळावर, एक दख्खनी सुलतान आणि एक जीव मुठीत धरून आलेला ज्यू वंशाचा वैद्य एकमेकांना दुखण्यांची नावं शिकवताहेत. या देशातल्या ज्ञानाच्या इतिहासात मला याहून सुंदर प्रसंग आठवत नाही.

ओर्ताची पद्धत साधी होती. ग्रंथ काय म्हणतो ते आधी मांडायचं, मग झाड स्वतः पाहिलंय का, पाहणाऱ्या किती जणांना विचारलं, ते सांगायचं. दालचिनी सिलोनची उत्तम, मलबारची हलकी, आणि चिनी जहाजं ती होर्मुझपर्यंत नेत म्हणून पश्चिमेकडच्यांना ती कुठली हे कळेना, असा उलगडा तो करतो. त्यात पक्षीही नाहीत आणि घरटीही नाहीत. दियोस्कोरिदिस आणि गॅलन यांची नावं घेऊन मला भिववू नका, मी खरं तेच आणि मला ठाऊक आहे तेवढंच सांगणार, असं तो रुआनोला बजावतो. रोमनांना शंभर वर्षांत कळलं नाही तेवढं आता पोर्तुगीजांना एका दिवसात कळतं, हे त्याचं वाक्य पुढे फार गाजलं. त्यात राज्यकर्त्यांचा ताठा आहे आणि तो मला खटकतो, कारण पोर्तुगीजांना ते कळत होतं इथल्या माणसांच्या तोंडून. पण दुसऱ्या एका ठिकाणी तो म्हणतो की मी स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध आणि ग्रीकांविरुद्ध काही बोलायची माझी हिंमत झाली नसती. ही कबुली मला त्या ताठ्यापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

स्वित्झर्लंडमध्ये पॅरासेल्सस या बंडखोर वैद्यानं १५२७ साली बाझेलच्या चौकातल्या होळीत इब्न सिनाचा ग्रंथ टाकला होता. ओर्तानं काहीच जाळलं नाही. चार रस त्यानं ठेवले, अंश ठेवले, उष्ण-थंडची भाषाही ठेवली. बदलली ती एकच गोष्ट: झाड समोर असताना पुस्तकाला शेवटचा शब्द द्यायचा नाही. जुन्या घरात राहूनच त्यानं त्याच्या खिडक्या उघडल्या.

त्याचंही सगळं बरोबर नव्हतं. काळी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींची, असं त्याचं मत होतं. मुंगूस नागाशी लढण्याआधी एक मूळ चावून येतं आणि म्हणून त्याला विष बाधत नाही, ही सिलोनमध्ये ऐकलेली हकीकत त्यानं मानली. मुंगूसवेलीची हीच गोष्ट कोकणात आजही शपथेवर सांगणारे भेटतात. बकऱ्याच्या पोटात तयार होणाऱ्या बेझोआर खड्यावर तर त्याची गाढ श्रद्धा होती. विषावर रामबाण म्हणून राजेलोक तो सोन्यात मढवून ठेवत. ओर्ताच्या हयातीतच फ्रान्समध्ये आंब्रोआज पारे या शल्यवैद्यानं त्याची परीक्षा घेतली. चांदीची भांडी चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याला विष आणि त्यावर उतारा म्हणून हा खडा दिला, वाचलास तर सुटलास या बोलीवर. तो बिचारा काही तासांत तडफडून मेला. खडा निकामी ठरला हे खरं, पण ते ठरवण्याची ही रीत वाचताना माझा जीव गुदमरतो. प्रत्यक्ष पाहून खात्री करणं म्हणजे नेहमीच आंतोनियानं आणलेल्या फांदीसारखं निष्पाप असतं असं नाही.

पुस्तकातल्या काही पानांवर वैद्यक बाजूला राहतं आणि माणूस खुलतो. विजयनगरात एका पोर्तुगिजाचा उमदा घोडा पोटात वारा धरायचा, म्हणून राजा तो घेईना. मालकानं पिठातून हिंग चारून त्याला बरं केलं. राजानं चांगली किंमत देऊन घोडा घेतला आणि उपाय काय केला ते विचारलं. हिंगाचं नाव ऐकून म्हणाला, देवांचं अन्न दिलंत त्याला, मग नवल काय! पोर्तुगीज पुटपुटला, हळूच आणि आपल्या भाषेत, की सैतानांचं म्हणा. गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं सोझाला सांगितलं होतं की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान पाहावंसं वाटलं की आपण थोडी भांग घेतो. चोर धोतरा खाऊ घालून घरं कशी लुटतात हेही पुस्तकात आहे, आणि लालभडक आंबट भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सालं पोर्तुगालला जातात हेही.

आणि प्राजक्त. ओर्ता त्याला ‘दुःखी झाड’ म्हणतो. रात्री फुलतं, उजाडताना सगळी फुलं टाकून देतं. इथल्या लोकांकडून ऐकलेली कथा तो लिहून ठेवतो: पारिजातक नावाच्या थोर माणसाची मुलगी सूर्याच्या प्रेमात पडली, त्यानं तिला टाकलं, तिनं जीव दिला, आणि तिच्या चितेच्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून त्याची फुलं सूर्याचं तोंड पाहत नाहीत. लगेच पुढे फुलांच्या केशरी देठांनी अन्नाला रंग येतो ही माहिती. माझ्या लहानपणी परसातल्या प्राजक्ताखालचा सडा वेचताना ही कथा आजीकडून मी ऐकली होती. चारशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीज ग्रंथात ती पुन्हा भेटली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून होतो. पुढे युरोपीय वनस्पतिशास्त्रानं या झाडाला दिलेल्या शास्त्रीय नावातही ‘दुःखी झाड’ राहिलं. निसर्गाकडे पाहणं आणि त्याची गोष्ट सांगणं यांची फारकत तोवर झालेली नव्हती.

हे सगळं ज्या शहरात लिहिलं जात होतं त्या शहराबद्दल गप्प राहून चालणार नाही. १५४३ हे साल विज्ञानाच्या इतिहासात सोन्याचं मानतात. त्या वर्षी कोपर्निकसचा ग्रंथ आला, आणि मानवी देह स्वतः उघडून पाहणाऱ्या व्हेसेलियसचाही. गॅलनची बरीचशी शरीररचना माकडं-डुकरं चिरून लिहिलेली आहे, हे त्यानं दाखवून दिलं. त्याच १५४३ मध्ये गोव्यात जेरोनिमो दियस या नव्या ख्रिस्ती वैद्याला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून मारून जाळलं. गव्हर्नर होता मार्तिं आफोंसो द सोझा, ओर्ताचा आश्रयदाता. ओर्ता त्याच शहरात वैद्यकी करत होता. १५६० मध्ये गोव्यातही इन्क्विझिशन आलं, आणि तीन वर्षांनी हे पुस्तक. स्पेनमध्ये असतो तर बोललो नसतो, या वाक्यातल्या भीतीचं वजन मला इथं कळतं. गॅलनविषयी धाडसानं बोलणारा हा माणूस स्वतःविषयी एक अक्षर बोलू शकत नव्हता.

१५६८ मध्ये तो वारला. त्याची बहीण कातारीना हिला पकडलं आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्तावरही मरणोत्तर खटला चालवून त्याची हाडं थडग्यातून उकरली, जाळली आणि राख मांडवीत टाकली. आज पणजीतल्या एका बागेला त्याचं नाव आहे. त्या बागेत बसलो की मला कातारीनाच जास्त आठवते. तिच्या नावाची बाग कुठं नाही.

पुस्तक मात्र तगलं. शार्ल द लेक्लूझ या वनस्पतिशास्त्रज्ञाला १५६४च्या आरंभी लिस्बनमध्ये त्याची प्रत मिळाली. त्यानं लॅटिनमध्ये त्याचा संक्षेप केला, तो १५६७ मध्ये अँटवर्पला छापला आणि सगळ्या युरोपनं वाचला. पण लेक्लूझनं संवाद काढून टाकले. मजकूर सुटसुटीत झाला, विद्वानांच्या उपयोगाचा झाला. रुआनो गेला, मालुपा नावाचा हिंदू वैद्य जिथं प्रत्यक्ष बोलतो ती जागा गेली, फांदी आणणारी आंतोनिया गेली. उरलं ते वनस्पतीचं वर्णन, जणू ते आपोआप कळलं होतं. मला हे नुकसान फार मोठं वाटतं. ओर्तानं निदान त्या माणसांना खोलीत बसवलं होतं. आपल्या आचार्यांची औषधं आधी वापरून पाहतो आणि त्यांनी गुण आला नाही की इथल्या ब्राह्मण वैद्यांची घेतो, असं तो उघडपणे लिहितो. त्यांना शरीररचना ठाऊक नाही अशी टीकाही करतो, पण ते आहेत हे लपवत नाही. त्यांची नावं मानानं छापली जायला आणखी शतकभर लागलं. कोचीनच्या डच गव्हर्नरानं काढलेल्या ‘होर्तुस मलाबारिकुस’च्या १६७८च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट या कोकणी वैद्यांचं निवेदन त्यांच्या भाषेत, नागरी लिपीत छापलेलं आहे, आणि इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचंही.

ओर्ताचं सतरावं प्रकरण सुरू होतं कोष्ठ या औषधी मुळापासून. बोलणं चाललेलं असताना निरोप येतो: एक जण अचानक गंभीर आजारी पडलाय. ओर्ता रुआनोला घेऊन निघतो. आशियातल्या पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, युरोपीय वैद्यानं केलेलं पहिलं बारकाईचं वर्णन म्हणून हे प्रकरण ओळखतात. नाडी लागत नाही, अंगाला थंड घाम, आत आग, भयंकर तहान, डोळे खोल गेलेले, पायांत गोळे. जून-जुलैत जोर जास्त. बहुधा चोवीस तासांत माणूस जातो, काही जण दहा तासही काढत नाहीत. लोक या रोगाला मोडशी म्हणतात, तेही त्यानं टिपलंय. त्याचे स्वतःचे उपचार शिकल्याप्रमाणे: वांती, बस्ती, गरम तेलाचं मर्दन, पावलांना डाग. मग रुआनो विचारतो, इथले लोक काय करतात? ओर्ता सांगतो: मिरी आणि जिरं घालून भाताची पेज पाजतात. तेही डाग देतात, गोळे येतात म्हणून हातपाय पट्ट्यांनी आवळून बांधतात, विडा खायला देतात.

पेज! पोट बिघडलं की आमच्या घरी आई जिरं-मीठ घालून पेजच देत असे, वाटीवाटीनं, दर थोड्या वेळानं. एकोणिसाव्या शतकात पटकी युरोपात पोचली तेव्हा तिथले डॉक्टर रोग्याचं रक्त काढत होते आणि पाऱ्याची औषधं देत होते, म्हणजे कोरड्या पडत चाललेल्या देहातलं उरलंसुरलं पाणीही काढून घेत होते. तोंडानं पाणी, मीठ आणि साखर देऊन पटकीचा रोगी वाचतो हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालं १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात बोनगावच्या निर्वासित छावणीत, डॉ. दिलीप महालनबीस यांच्या हाताखाली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं म्हणून त्यांनी हा मार्ग धरला, आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. पुढच्या संशोधनात साखरेऐवजी तांदळाचं पीठ वापरलं तर पटकीच्या रोग्याचे जुलाब आणखी कमी होतात असंही दिसलं. मिरी-जिऱ्याच्या पेजेत मिठाचा उल्लेख ओर्ता करत नाही, म्हणून ती आजच्या जलसंजीवनीसारखीच होती असा दावा मी करणार नाही. पण तहानेनं तडफडणाऱ्या माणसाला पाणी आणि तांदूळ द्यावा, एवढं गोव्यातल्या कुणाला तरी १५६३ च्या आधीपासून ठाऊक होतं.

ते कुणाला ठाऊक होतं हे मात्र ओर्तानं लिहिलेलं नाही. या प्रकरणात ते फक्त ‘इथले लोक’ आहेत. हे सतरावं प्रकरण गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्याच वर्षी वाचून घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे. थोड्याच पानांचं तर आहे.